एका घावाची कुदळ

विषय : संस्थेत कामाची ‘लीन’ पद्धत लागू केल्याबाबत, व तिच्यामुळे माझ्या आयुष्यात पडलेल्या फरकाबाबत.
संदर्भ : संचालक मंडळाचा ठराव. क्रमांक आठवत नाही, चहानंतरचा होता.

वाचकहो,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन करते की, मी एक कुदळ आहे. भूमिपूजनाची कुदळ. कुदळीने असे कचेरीच्या भाषेत बोलावे याचे तुम्हाला नवल वाटेल. पण माझी बहुतेक वर्षे लोखंडी कपाटात, जुन्या फायलींच्या शेजारी गेली. संगतीचा परिणाम होतोच. फायलींना मात्र माझ्या संगतीने कधी धार आली नाही.

माझा जन्म पेठ गावचा. तिथे बाजाराच्या कडेला बुधा लोहाराचे दुकान होते. दुकान म्हणजे एक भाता, एक ऐरण आणि वर फाटकी ताडपत्री. ट्रकच्या तुटलेल्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा तापवून, ठोकून, पाण्यात बुडवून त्याने मला घडवले. एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला पाते आणि मध्ये धावड्याचा दांडा. धावडा म्हणजे डोंगरातले चिवट लाकूड. बुधाने मला हातात तोलले आणि स्वतःवरच खूश होऊन मान हलवली. अशी खुशी मी पुढे कचेरीत फक्त पगाराच्या दिवशी पाहिली.

मला विकत घ्यायला आले ते पुंजाराम. आमच्या संस्थेचे लिपिक. त्यांनी मला उलटसुलट करून विचारले, “चकाकेल ना?”

बुधा म्हणाला, “चकाकाया कशाला? खणायलाच न्यायची ना?”

“नाही हो. फोटोत यायची आहे.”

बुधाने भाता थांबवला. त्याने मला पुंजारामांच्या हाती दिले आणि चिलीम पेटवली. लेकीला नको त्या घरी दिल्यावर बाप असाच गप्प बसत असावा.

आता संस्थेविषयी. नाव सांगत नाही, अब्रूचा प्रश्न आहे. कांदा पिकवणाऱ्या सभासदांना कांद्याच्या चाळी बांधून देणे हे तिचे काम. चाळ म्हणजे माणसांची नव्हे. खांबांवर उभी केलेली, खालून-बाजूंनी वारा खेळेल अशी लांबट खोली. उन्हाळ कांदा तिच्यात महिनोन्‌महिने टिकतो. कांदा लासलगावच्या बाजूला आणि संस्थेची कचेरी मात्र नाशिकला, इंदिरानगरात. कारण अध्यक्षांची नातवंडे तिथल्या शाळेत होती.

अध्यक्ष म्हणजे खंडेराव अण्णा. माणूस दिलदार, आवाज मोठा, शब्दाला पक्का. दोष एकच : शब्द फार जणांना दिलेला असे. कोणी सभासद भेटला की अण्णा त्याच्या पाठीवर थाप मारत. “तुझी चाळ? पुढच्या आठवड्यात नारळ फोडू!” आणि फोडतही. नारळ फोडण्याच्या बाबतीत संस्थेने कोणाला कधी ताटकळत ठेवले नाही.

भूमिपूजनाच्या दिवशी पुंजाराम मला धुऊन पुसत, हळदकुंकू लावत, दांड्याला लाल नाडा बांधत. गुरुजींचे मंत्र झाले की अण्णा मला उचलत. मग छायाचित्रकार ओरडे, “साहेब, वर धरा. वरच धरा. इकडे बघा.” त्यामुळे माझे निम्मे आयुष्य हवेत गेले. शेवटी अण्णा मला जमिनीवर टेकवत. त्याला घाव म्हणायचे ते केवळ सौजन्याने. टाळ्या, पेढे, आणि मी परत गाडीत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो : खंडेराव अण्णा, हसरे संचालक, आणि मी. पुंजाराम तो फोटो कापून दप्तरी लावत.

खणण्याचे खरे काम नाथाच्या टोळीकडे होते. नाथा हा मुकादम, आणि त्याच्या हाताखाली पाचसहा माणसे. त्यांच्या कुदळींची टोके झिजून बोथट झालेली. त्या माझ्याकडे पाहून हसत. जत्रेतली नवरी म्हणत मला. टोळी दोनचार दिवस खड्डे खणी. तोवर पुढच्या गावी अण्णांचा नारळ फुटे आणि टोळीला तिकडे हलावे लागे. तिथे खड्डे खणून होतात न होतात तोच तिसरा नारळ. आपल्याकडे अशा माणसाला आरंभशूर म्हणतात. आमची सबंध संस्थाच आरंभशूर होती. गावोगाव खड्डे होते, काही ठिकाणी खांब होते, एकदोन ठिकाणी पत्रेही होते. कांदा आत ठेवता येईल अशी चाळ मात्र शोधावी लागे.

पुरे झालेल्या कामाचा फोटो कोणी काढत नाही, हे मी तेव्हाच पाहून ठेवले होते.

एका दिवाळीनंतर आम्ही लासलगावजवळ रंगूबाईंच्या शेतावर गेलो. मालक गेल्यापासून शेती त्याच बघत. मुलगा संतोष अंबडच्या कारखान्यात कामाला. सुट्टीला येई तो पाहुण्यासारखा. आदल्या वर्षी रंगूबाईंचा कांदा चाळीअभावी लिंबाखाली, ताडपत्रीत पडला होता. खालून सडायला लागला तसा त्यांनी तो मिळेल त्या बोलीला देऊन टाकला. ट्रॅक्टरवर शेवटची पाटी टाकताना त्यांनी ठरवले होते की पुढच्या साली असे होणे नाही.

“औंदा कांदा माझ्या मर्जीनं विकीन,” त्या अण्णांना म्हणाल्या. “भाव पटला तर काढीन, नाय पटला तर ठेवीन. लासलगावच्या आडत्यानं मला विचारलं पाह्यजे, बाई, आणता का? तेवढ्यासाठी चाळ पाह्यजे मला.”

“झालीच समजा मावशी!” अण्णांनी मला टेकवले. “आरंभ झाला म्हणजे अर्धं काम झालं.”

“आन्‌ राह्यलेलं अर्धं कोन करनार, आण्णा?”

सगळे हसले. रंगूबाई हसल्या नाहीत. टोळीने एका बाजूचे काही खड्डे खणले आणि ती पुढच्या नारळाला निघून गेली.

संक्रांतीच्या सुमारास संस्थेत प्रतिभा मॅडम आल्या. त्यांनी सातपूरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षे कामाचे नियोजन पाहिले होते. संचालकांपैकी कोणाची तरी भाची, म्हणून आणल्या. पण पुढे असे लक्षात आले की त्यांना काम येते. तोवर उशीर झाला होता.

मॅडमनी संचालकांना लीन पद्धत समजावून सांगितली. जे केल्याने सभासदाचा काही फायदा नाही ते करायचे नाही. हातात घेतलेले पुरे केल्याशिवाय नवे धरायचे नाही. प्रत्येक काम कुठवर आले ते सर्वांना दिसेल असे भिंतीवर ठेवायचे. आणि शंका आली की खुर्चीत बसून तर्क न करता जागेवर जाऊन पाहायचे.

“वा!” अण्णा म्हणाले. “आम्ही तर पहिल्यापासूनच सभासदांच्या चरणी लीन आहोत. करू सुरू. चांगला दिवस बघा, पुंजाराम.”

अशा रीतीने लीन पद्धतीचे भूमिपूजन झाले. इंदिरानगरात मोकळी माती कुठे? कचेरीपुढे सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी होती. अण्णांनी मला तिच्यावरच टेकवले. माझ्या टोकाचा एक कपचा उडाला. फोटो चांगला आला.

त्यानंतर मात्र मॅडमनी खरोखरच सुरुवात केली, आणि कचेरीत पळापळ झाली. कपाटे रिकामी झाली. मोडक्या पंख्यांखाली, वाळलेल्या शाईच्या बाटल्यांमागे, खोबरे झालेले नारळ निघाले. गरजेच्या प्रत्येक वस्तूला एक जागा ठरली. भिंतीवर खिळा ठोकून मला टांगले आणि माझ्याभोवती रंगाने माझीच आकृती रेखली, म्हणजे मी जागेवर नसले तर लगेच कळावे. कपाटातल्या अंधारातून मी उजेडात आले. हे मॅडमचे माझ्यावरचे पहिले उपकार.

सकाळची सभा उभ्याने व्हायला लागली. खुर्च्या काढल्या की बोलणे आटोपते, असे मॅडम म्हणत. ते खरेही ठरले. पुंजारामांचे गुडघे दुखायला लागले की सभा संपे. संचालक मंडळाने ही सुधारणा एकमताने मंजूर केली, कर्मचाऱ्यांसाठी.

माझ्या समोरच्या भिंतीवर पांढरा फळा लागला. त्यावर तीन रकाने : करायचे, चालू, झाले. एका चाळीची एक रंगीत चिठ्ठी. मॅडम पुंजारामांना म्हणाल्या, “जी कामं झालीत ती ‘झाले’मध्ये लावा.” आणि त्या संगणक दुरुस्त करून घ्यायला गेल्या.

पुंजाराम इमानी माणूस. त्यांनी पेपरातले फोटो पुढे घेतले आणि एकेक चिठ्ठी लावत गेले. फोटो आला, म्हणजे झाले. त्यांची यात काही लबाडी नव्हती. संस्थेत ‘झाले’ याचा तोच अर्थ होता. नारळ झाला, पेढे झाले, फोटो झाला. आता आणखी काय व्हायचे राहिले?

फळा फार सुंदर दिसायला लागला. जवळजवळ सगळे झालेलेच. अण्णांनी त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतला. प्रतिभा मॅडमही हरखल्या. इतकी कामे पार पाडणारी संस्था त्यांनी सातपुरातही पाहिली नव्हती. मी समोर टांगलेली. मला सगळे ठाऊक होते. पण कुदळीला विचारतो कोण?

शिमगा झाला आणि एका दुपारी रंगूबाई आल्या. चपला दाराशी काढून त्या सरळ मॅडमच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

“माझी चाळ कवा व्हनार, ताई?”

मॅडमनी फळ्याकडे पाहिले. “मावशी, तुमची चाळ झालीय की! ही बघा चिठ्ठी. रंगूबाई, लासलगाव. झाले.”

रंगूबाई फळ्याजवळ गेल्या. त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवले. “झाली?”

“हो.”

“बरं झालं बाई तुमी सांगितलं. मी रोज तिथंच ऱ्हाते, मला दिसली नाय. आता असं करा, कांदा काढला का ट्रॅक्टर हितंच आनते. या चिठ्ठीत बसंल तेवढा बसवा. उरला तर त्या शेजारच्या चिठ्ठीत.”

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी पुंजारामांना हाक मारली. पुंजाराम फोटो घेऊन आले. “मॅडम, हे बघा. झालेलंच आहे.”

“पुंजाराम, चाळ कुठंय यात?”

पुंजारामांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. अण्णा होते, गुरुजी होते, मी होते. “चाळ नाही यात,” ते म्हणाले. “पण चाळ कधी नसतेच, मॅडम.”

मॅडम त्यांच्यावर रागावल्या नाहीत. “चूक माझी,” त्या म्हणाल्या. “जागेवर जाऊन पाहायचं असं सगळ्यांना शिकवलं आणि मीच भिंतीकडे पाहत बसले.” त्यांनी रंगूबाईंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि विचारले, “मावशी, तुमच्या लेखी चाळ झाली असं कधी म्हणायचं?”

“कांदा आत गेला का झाली. त्येच्या आदी सगळ्या नुसत्या बाता.”

त्याच दिवशी ‘झाले’मधल्या चिठ्ठ्या निघाल्या आणि ‘चालू’मध्ये गेल्या. रकाना भरला. मग फळा भरला. उरलेल्या चिठ्ठ्या भिंतीवर पसरत पसरत माझ्या दांड्यापर्यंत आल्या. अण्णा आले आणि दारातच थबकले.

“एवढी कामं चालू आहेत? आपली?”

“आपलीच, अण्णा.”

“काढा ती आधी. विरोधकांनी पाहिलं तर?”

“चिठ्ठ्या काढता येतील. खड्डे काढता येणार नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “अण्णा, टोळी एक आहे. एका चुलीवर सगळी पातेली एकदम चढवली तर एकही शिजत नाही. एक उतरवू, मग दुसरं चढवू. ज्यांचा कांदा आधी निघणार त्यांची चाळ आधी. ती पुरी झाल्याशिवाय नाथाची टोळी तिथून हलणार नाही. आणि तोवर नवा नारळ नाही.”

अण्णांनी सही केली. सही करायला त्यांना आवडे. तीही एक सुरुवातच असते.

आता मला काम उरले नाही. मी भिंतीवर आणि टोळी शेतावर. शिमग्यापासून पाडवा उलटून जाईपर्यंत दोन चाळी पुऱ्या झाल्या. संस्थेच्या इतिहासात असे लागोपाठ घडले नव्हते. कोणी हार घातले नाहीत, पेपरात काही आले नाही. दोन चिठ्ठ्या तेवढ्या ‘झाले’मध्ये गेल्या, आणि त्या वेळी उभ्या सभेत पुंजारामांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मग ते ओशाळले.

तिसरी पाळी रंगूबाईंची. टोळी तिथे गेली तेव्हा कांद्याच्या माना पडायला लागल्या होत्या. पात अशी मोडून आडवी झाली की कांदा तयार झाला असे समजायचे. काढणी दारात येऊन उभी होती. एका बाजूचे खांब उभे राहिले. दुसऱ्या बाजूला टणक मुरूम लागला.

आणि आखाजी आली. अक्षय्य तृतीया, पंचांग न बघता नारळ फोडावा असा दिवस. अण्णांनी शेजारच्याच गावातल्या बुवांना, आमच्या एका सभासदाला, त्यांच्या चाळीच्या नारळाचा केव्हाचा शब्द दिलेला. मांडव पडला, पत्रिका वाटल्या गेल्या.

“मॅडम, तुमचा नियम मला मान्य आहे,” अण्णा म्हणाले. “पण आखाजी वर्षातून एकदाच येते. नुसता नारळ.”

“नुसता नारळ कधी असतो का, अण्णा? नारळामागे टोळी जाते.”

“मग जाणारच. मुहूर्ताला चार कामकरी माणसं दिसायला नकोत? दोन दिवसांनी परत पाठवू.”

“रंगूबाईंचा कांदा दोन दिवसांत निघणार आहे.”

“आता मी शब्द दिलाय,” अण्णा म्हणाले, आणि विषय संपला. अण्णांच्या शब्दापुढे ठराव चालत नसे.

आखाजीच्या सकाळी पुंजारामांनी मला खिळ्यावरून काढले, धुतले, नाडा बांधला. मी, नारळ आणि पेढ्यांचा खोका जीपमध्ये मागे. पुढे पुंजाराम आणि प्रतिभा मॅडम. वाटेत रंगूबाईंच्या शेतावरून टोळीला उचलायचे आणि मांडवात न्यायचे, असा हुकूम होता.

शेतावर टोळी बसून होती. मुरमात घाव घालताना नाथाच्या कुदळीचा दांडा मधोमध मोडला होता. तो तुकडे हातात घेऊन बसलेला. पलीकडे रंगूबाई कमरेवर हात देऊन उभ्या.

“या,” त्या म्हणाल्या. “दांडा मोडलाच हाय. आता टोळीबी मोडा. बसा रं पोरांनो जीपमधी. चाळीचं काय, खांबावर आभाळ घालीन मी.”

मॅडम जीपमधून उतरल्या. नाथाची नजर माझ्यावर गेली. “पुंजाभाऊ, ती द्या की जरा. गाडी निघंपर्यंत हा खड्डा तरी खाली नेतो.”

पुंजारामांनी मला छातीशी धरले. “अरे ही पूजेची आहे!”

“मंग? आमी काय तिला मारतोय का?”

“हिच्यानं कोणी कधी खणलेलं नाही, नाथा. कुंकू पुसलं जाईल.”

तेवढ्यात पुंजारामांचा फोन वाजला. मांडवातून अण्णा. मुहूर्त, कुदळ, टोळी, कुठे मेलात सगळे, असे ते इतक्या मोठ्याने बोलत होते की फोनची गरज नव्हती. थोड्याच वेळात धुरळा उडवीत त्यांची गाडीच बांधावर येऊन थांबली. अण्णा उतरले. कडक कपडे, खांद्यावर उपरणे.

“चला, चला! नाथा, उठ. पुंजाराम, कुदळ द्या इकडे.”

रंगूबाई त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. मला वाटले भांडतील. त्यांनी पदर सावरला आणि पाहुण्याशी बोलावे तशा बोलल्या.

“आण्णा, सणाचं आलात, बरं झालं. मुहूर्त चालूच हाय ना?”

“चालू आहे म्हणून तर घाई...”

“मंग हितंबी टेकवा. खड्डा बाकीच हाय. आमची आखाजी व्हईल गोड.”

हातात कुदळ, समोर खड्डा, भोवती माणसे. अण्णांना पुढचे वेगळे सांगावे लागत नसे. ते सवयीने खड्ड्याशी उभे राहिले, मला वर धरले, हसरा चेहरा केला आणि टेकवले. मग तसेच थांबले. छायाचित्रकार मांडवात होता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुरमावर एक पांढरा ओरखडा तेवढा उठला होता.

“आता दुसरा,” रंगूबाई म्हणाल्या.

“दुसरा काय?”

“घाव. पयला तुमी दिवाळी झाल्यावरबी घातला व्हता. तो तिकडं पाहा, तुमच्या हातचा खड्डा. टोळीला त्यो आजून खाली न्यायचाय. पौषात त्याच्यात आमची कुत्री व्याली. पिल्लं वाढली, गावभर हिंडत्यात. खांब काय आला नाय.”

टोळीतले कोणीतरी हसले आणि नाथाने त्याला कोपर मारले. अण्णांनी त्या खड्ड्याकडे पाहिले. कडेला कुत्र्याने उकरलेली माती होती. मग त्यांनी वाफ्याकडे पाहिले. कांद्याच्या माना साऱ्या पडलेल्या. याचा अर्थ काय ते अण्णांना सांगायला नको होते. ते कांद्यातच वाढलेले होते. अध्यक्ष नंतर झाले.

त्यांनी उपरणे काढून पुंजारामांच्या हातात दिले. मला उचलले. फोटोत यायचे तसे नाही; पार डोक्यामागे नेले.

वाचकहो, तोवर मला दुसरा घाव माहीत नव्हता. पहिल्यानंतर पेढे येतात एवढेच मला ठाऊक. दुसऱ्याने माझे टोक मुरमात रुतले. तिसऱ्याने मुरमाचा खपला सुटला. चौथ्याला ठिणगी उडाली, आणि बुधा लोहाराने मला कशासाठी ठोकून ठोकून पाणी दिले होते ते मला आतपर्यंत कळले. कुंकू गेले, नाडा सुटला. अण्णा हुं हुं करत घाव घालत राहिले. दम लागला तेव्हा ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि पाणी मागितले. तांब्या रिकामा केला. फोन वाजला तो घेतला.

“नाही, आज होणार नाही... रद्द नाही हो बुवा. पाळीप्रमाणं होईल. आधी घेतलेलं पुरं झाल्यावर... हो, शब्द दिलाय, पण ह्या बाईला तुमच्याआधी दिलाय. जेवणं होऊ द्या, मांडव वाया जात नाही... हो, शुद्धीवर आहे. मीच बोलतोय.”

फोन ठेवून त्यांनी मला नाथाच्या हाती दिले. मग पुंजारामांकडून नारळ घेतला, निदान इथे तरी फोडावा म्हणून. रंगूबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

“आत्ता नाय आण्णा. कांदा आत गेल्यावर.”

“मावशी, पेढे तरी?”

“पेढे खावा. माणूस दमलं का गोड खावं.”

टोळी हलली नाही. नाथाच्या हातात मी उरलेले सारे खड्डे खणले. खांब उभे राहिले, बांबूच्या पट्ट्या बसल्या, पत्रे चढले. कांदा काढून, पात कापून, सावलीत सुकून तयार झाला तोवर चाळ तयार होती. पाट्यांवर पाट्या आत गेल्या. संतोष कारखान्यात रजा टाकून आला होता आणि पाहुण्यासारखा वागत नव्हता. शेवटची पाटी रंगूबाईंनी स्वतः ओतली. मग चाळीच्या उंबऱ्यावर नारळ फोडला आणि मॅडमना म्हणाल्या, “लावा तुमची चिठ्ठी. झालं.”

प्रतिभा मॅडम हसल्या आणि मग तोंड फिरवून उगाच पत्रे बघत राहिल्या.

ही चाल आता संस्थेत पडली आहे. नारळ शेवटी फुटतो. अण्णांच्या हातांना सुरुवातीला चैन पडत नसे. आता त्यांना शेवटच्या नारळाचा नाद लागला आहे. कुठली चाळ कुठवर आली ते रोज फोन करून विचारतात, टोळीला मध्येच दुसरीकडे नेऊ देत नाहीत, आणि फोटो चाळीपुढे काढतात. त्यात कांदा दिसतो. पुंजाराम तो कापून लावतात आणि आधी डोळ्यांजवळ नेऊन चाळ आहे ना ते पाहतात. रंगूबाईंचा कांदा अजून चाळीत आहे. आडत्याचा दोनदा फोन आला. त्या म्हणाल्या, बघू.

सध्या मी नाथाकडे आहे. टोक बोथट झाले आहे, दांडा त्याच्या तळव्यांनी गुळगुळीत झाला आहे, आणि टोळीतल्या जुन्या कुदळी मला नवरी म्हणत नाहीत. बुधाने खणायला घडवले, मॅडमनी अंधारातून काढले, अण्णांनी लाज बाजूला ठेवून दुसरा घाव घातला, आणि रंगूबाईंनी तो मागितला. या सर्वांची मी ऋणी आहे. चांगला वापर होणे हे प्रत्येक अवजाराच्या नशिबी नसते.

एक विनंती आहे. दप्तरी माझी नोंद ‘पूजा साहित्य’ अशी आहे, त्यामुळे नियमाने मला कचेरीत परत जावे लागेल. मला ‘बांधकाम साहित्य’मध्ये वर्ग करून नाथाच्या टोळीकडे कायम ठेवावे, असा अर्ज नाथाने केला आहे. त्यावर प्रतिभा मॅडमची शिफारस आणि अध्यक्षांची सही आहे. दोन सभांत विषय आला. एकदा वेळ पुरला नाही, एकदा गणपूर्ती झाली नाही.

अर्ज प्रलंबित आहे.